रिमास्टर झालेले डिटेक्टिव्ह गेम: इंदूरमध्ये वाद वेगळा का होतो?

जून 2022 मध्ये ‘ब्लेड रनर’ या 1997 च्या डिटेक्टिव्ह गेमची ‘एन्हान्स्ड एडिशन’, म्हणजे आजच्या स्क्रीनसाठी सुधारलेली ‘रिमास्टर’ आवृत्ती, आली आणि आल्या आल्या टीकेच्या तडाख्यात सापडली. सप्टेंबर 2024 मध्ये ‘ब्रोकन स्वोर्ड’चा पहिला भाग ‘रीफोर्ज्ड’ या नावाने आला, तेव्हा मात्र जुन्या खेळाडूंनीही त्याचं बऱ्यापैकी स्वागत केलं. दोन्ही गेम पॉइंट-अँड-क्लिक (माउसने क्लिक करत खेळायचे), दोन्ही नव्वदच्या दशकातले, दोन्हींत चित्रं मोठी करायला यंत्राची, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामची, मदत घेतलेली. तरी एकाच्या वाट्याला शिव्या आल्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला शाबासकी.

बाहेर या प्रश्नावर सरळ दोन तट पडतात. जुनं आहे तसं ठेवा म्हणणारे एकीकडे, आणि आजच्या स्क्रीनवर नीट दिसायला तर हवं म्हणणारे दुसरीकडे. इंदूरच्या मराठी गेमर मंडळींत तिसरा तटही आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा. जुना गेम आपण पूर्ण पाहिलाय अशी यांची पक्की समजूत होती, पण तो त्यांनी पूर्ण कधीच पाहिला नव्हता.

जुनं विरुद्ध नवं हा वाद तसा जुनाच. 1983 साली जपानमध्ये एका खुनाच्या तपासावरचा गेम आला. त्यात सहकाऱ्याला काय करायला सांगायचं ते टाइप करावं लागे. 1985 मध्ये तोच गेम टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर गेला आणि टाइप करण्याऐवजी यादीतून आज्ञा निवडायची सोय झाली. त्याच वर्षी मॅकिंटॉशवर ‘देजा व्ह्यू’ आला. स्मृती गेलेला एक माजी बॉक्सर-डिटेक्टिव्ह आणि हातात माउस. पुढे 1987 च्या ‘पोलीस क्वेस्ट’ची 1992 मध्ये नवी आवृत्ती निघाली. रंग वाढले, टायपिंग गेलं, माउस आला. त्यावरचा आक्षेप आजही ओळखीचा वाटेल: पूर्वी काय करायचं ते डोक्यातून काढावं लागायचं, आता स्क्रीनवर सगळीकडे क्लिक करत सुटलं की झालं. डिटेक्टिव्ह गेममध्ये ही तक्रार जास्त झोंबते, कारण काय विचारायचं ते सुचणं हाच तर तपास.

हे सगळं इंदूरला नंतर वाचून कळलं. इथे सुरुवात झाली ती साधारण 1997-98 पासून, जेल रोडवरून. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत काउंटरखाली सीडींचे गठ्ठे असत. यादी झेरॉक्स केलेली, नावांची स्पेलिंगं मनाला येतील तशी. अस्सल खोक्यातला गेम घेण्याची ऐपत रामबागेत किंवा लोकमान्य नगरात कुणाचीच नव्हती, आणि घ्यायचा म्हटला तरी मिळाला असता कुठे? जे मिळे ते ‘रिप’. म्हणजे दोन-तीन सीडींचा गेम एकीवर बसावा म्हणून त्यातले व्हिडिओ काढून टाकायचे, संगीत काढायचं आणि बरेचदा पात्रांचा आवाजसुद्धा. मग दृश्य संपलं की स्क्रीन क्षणभर काळी होई आणि एकदम पुढचं ठिकाण उघडे. मधल्या वेळात कुणाचा तरी खून झालेला असायचा, आणि तो आपल्याला संशयितांच्या बोलण्यातून समजायचा. आम्हाला ती गेमची शैलीच वाटायची. काय तिरकस सांगतात बुवा, असं वाटे.

दुसरा झरा म्हणजे इंग्रजी संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी. त्यांत डेमो असत, एक-दोन ठिकाणांपुरते. अनेकांच्या बाबतीत त्या डेमोतली गोष्ट आणि नंतर हाती आलेला रिप यांची सरमिसळ होऊन ‘लहानपणी खेळलेला गेम’ तयार झाला. अडलं की सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा पार करायचा याची तयार उत्तरं, छापून आणायचा आणि तो चार घरांत फिरायचा. मराठी माध्यमातल्या मुलांना पॅरिस किंवा न्यू ऑर्लीन्सच्या धाटणीचे उच्चार ऐकून तसेही कळले नसते. खाली सबटायटल वाचायची, शब्दकोश उघडा ठेवायचा.

आणि वीज. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं मध्य प्रदेशात भारनियमन म्हणजे रोजचं मरण होतं. 2003 ची विधानसभा निवडणूक ज्या मुद्द्यांवर फिरली त्यांत वीज वरच्या क्रमांकावर होती. यूपीएस कुठे घरोघरी होता? जुन्या गेममध्ये सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे जतन करणं, आपण होऊन करावा लागे. एखाद्या साक्षीदाराची लांबलचक जबानी निम्म्यावर आली की दिवे जायचे, आणि रात्री पुन्हा पहिल्या प्रश्नापासून. म्हणून रिमास्टरमध्ये ऑटोसेव्ह (आपोआप होणारा सेव्ह) आहे म्हटल्यावर इथला चाळिशीतला माणूस जो सुस्कारा सोडतो, त्याचं बाहेरच्या समीक्षकांना नवल वाटेल. त्यांच्या लेखी ती एका ओळीत उरकायची सोय असते.

हा कापलेला वारसा लक्षात घेतला की पुढच्या मतांचा उलगडा होतो. ‘गॅब्रिएल नाइट’चा 1993 चा पहिला भाग 2014 मध्ये वीस वर्षांच्या निमित्ताने नव्याने बनवला गेला. चित्रं नवी, संगीत पुन्हा केलेलं, पण पात्रांना आवाज देणारे नट बदललेले. मूळ सीडी आवृत्तीत हॉलिवूडमधली नामवंत मंडळी होती, त्यामुळे जुने खेळाडू आवाजावरून नाराज झाले. इंदूरला मात्र त्यावर कुणी फारसं बोललंच नाही. मूळ आवाज ऐकलाच नव्हता, तर तो गेल्याचं दुःख कसं होणार? उलट कित्येकांना नायकाला आवाज आहे हेच अप्रूप.

आता मुख्य वाद, ‘ब्लेड रनर’चा. इथे जरा तपशिलात शिरावं लागेल, कारण अर्धवट माहितीवर बोलणाऱ्यांनी या प्रकरणाचा पार गुंता करून ठेवला आहे.

मूळ गेम चार सीडींचा. 1982 च्या चित्रपटाच्याच शहरात घडणारा, पण तपास करणारा नायक वेगळा. यात वस्तू गोळा करून एकमेकींना जोडायच्या कोड्यांवर भर नाही. पुरावे जमवायचे, जबान्या घ्यायच्या, आणि ‘एस्पर’ नावाच्या यंत्रात फोटो घालून तो आत आत मोठा करत जायचा. कोपऱ्यातल्या आरशात एखादा चेहरा सापडतो आणि तपास पुढे सरकतो. आणखी एक खुबी अशी की संशयितांपैकी कोण माणूस आणि कोण माणसासारखा बनवलेला कृत्रिम जीव, हे प्रत्येक नव्या खेळात बदलू शकतं. शेवटही डझनभर. म्हणजे माझा गुन्हेगार तो तुमचा असेलच असं नाही. दोन खेळाडूंमध्ये समान राहतं ते काय? पाऊस, निऑनचे दिवे, पंख्याआडून येणारा उजेड, सिगारेटचा धूर. उत्तर प्रत्येकाचं निराळं, वातावरण सगळ्यांचं एक.

या गेमचा मूळ सोर्स कोड (प्रोग्रामरांनी लिहिलेला मजकूर) स्टुडिओच्या स्थलांतरात हरवला, त्यामुळे वर्षानुवर्षं तो नव्या विंडोजवर धड चालत नव्हता. काही हौशी प्रोग्रामरांनी तयार गेम उलगडत उलगडत त्याचं आतलं यंत्र पुन्हा बांधलं आणि 2019 मध्ये तो ‘स्कमव्हीएम’ या जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालू लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही आवृत्ती रीतसर विक्रीलाही आली. बिनतक्रार चालत होती.

2022 च्या नव्या आवृत्तीने दोन गोष्टी केल्या. पहिली तांत्रिक. मूळ पार्श्वभूमी म्हणजे कमी रिझोल्यूशनचे, दाबून लहान केलेले व्हिडिओ. ते यंत्राकडून मोठे करून घेतले आणि मधल्या फ्रेम नव्याने तयार करून हालचाल गुळगुळीत केली. आता अशा यंत्राला दाणेदार धूर आणि खराब कॉम्प्रेशन यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी कचरा. परिणामी भिंतींचा खडबडीतपणा गेला, बारीक तपशील मेणासारखे ओघळले. जिथे फोटोतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाहणं हेच काम, तिथे चित्रावर असा हात फिरवणं म्हणजे पंचनाम्याआधी खोली झाडून घेण्यासारखं आहे. एखाद्या मारधाडीच्या गेममध्ये हे खपलं असतं.

दुसरी गोष्ट व्यापारी, आणि खरा भडका तिच्यामुळे उडाला. नवी आवृत्ती आली त्याच सुमारास जुनी विक्रीतून काढली गेली. म्हणजे चालणारा गेम बंद आणि न पटणारा त्याच्या जागी. ओरड झाल्यावर काही दिवसांत जुनी परत आली, नवीबरोबर जुनीही मिळू लागली, आणि दुरुस्त्यांचे पॅचही निघाले. बनवणाऱ्यांची बाजू अशी की सोर्स कोड नसताना कन्सोलवर हा गेम नेणं हेच मोठं काम होतं. ते खरंच आहे. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचवाल्यांना हा गेम त्याआधी मिळतच नव्हता. पण त्या कामासाठी पीसीवरची जुनी आवृत्ती उचलून ठेवायचं काही कारण नव्हतं. या मुद्द्यावर मी तटस्थ नाही, आणि व्हायची इच्छाही नाही.

इंदूरच्या तिसऱ्या तटाला हा गोंधळ वेगळ्या कारणाने पावला. इथे फिरलेल्या प्रतींत चारपैकी एखादी सीडी ओरखडलेली निघायचीच, आणि गोष्ट मधेच अडकायची. ‘नवी वाईट आहे, जुनी बघा’ असा गलका झाला म्हणून अनेकांनी जोडीला मिळालेली जुनी आवृत्ती लावली, आणि जो गेम ते पंचवीस वर्षं आपला म्हणत होते त्याचा शेवट पहिल्यांदा पाहिला. काहींना तर एस्परच्या फोटोंचा पुढे काय उपयोग होतो हेच ठाऊक नव्हतं.

‘ब्रोकन स्वोर्ड’ची कथा याच्या तुलनेत सरळ आहे. 1996 च्या मूळ गेमची सुरुवात पॅरिसच्या एका कॅफेतल्या स्फोटाने होते. नायक साधा अमेरिकन पर्यटक, आणि त्याला जेवढं ठाऊक तेवढंच आपल्याला. 2009 च्या ‘डायरेक्टर्स कट’ने त्याआधी पत्रकार नायिकेचे नवे प्रसंग घातले, संवादांवेळी चेहऱ्यांची चित्रं आणली, सूचना देणारी सोय दिली आणि आयर्लंडमधलं बोकडाचं कुप्रसिद्ध कोडं सोपं केलं. ज्यांनी हीच आवृत्ती आधी मोबाइलवर खेळली त्यांना नायिकेचे प्रसंग आवडतात. जुन्यांचं म्हणणं, स्फोटाचा धक्काच गेला. मला जुन्यांचं पटतं, बोकड सोडून. त्या कोड्यात अचानक घाई करावी लागते आणि तसं काही करायचं असतं हे आधी कुठेच सुचवलेलं नसतं. वॉकथ्रूच्या त्या पानाची झेरॉक्स इंदूरला सर्वांत जास्त निघाली असेल.

2024 च्या ‘रीफोर्ज्ड’ने हे धडे घेतलेले दिसतात. सुरुवात पुन्हा कॅफेत. पार्श्वभूमी चित्रकारांनी नव्याने रंगवली. पात्रांसाठी यंत्राला आधी चित्रकारांचे नमुने शिकवले आणि चेहरे-हात पुन्हा माणसांनी सुधारले. जुनं चित्र आणि नवं चित्र यांत खेळता खेळता अदलाबदल करता येते. अडलेल्याला हळूहळू सुचवणारा एक मोड, आणि काहीच न सांगणारा दुसरा. जुनं-नवं बटणाने बदलायची ही युक्ती 2009 च्या ‘मंकी आयलंड’च्या विशेष आवृत्तीतही होती. ती स्वस्त आहे, सोपी आहे, आणि अर्धा वाद जागच्या जागी मिटवते. बाकीचे ती का उचलत नाहीत, कळत नाही.

1983 च्या त्या जपानी गेमचं 2023 मध्ये काय झालं तेही इथे नोंदवायला हवं. त्याची मोफत आवृत्ती आली, त्यात पुन्हा टाइप करायची सोय, आणि भाषा समजणारं नवं यंत्र जोडलेलं. पण साध्या आज्ञाही त्याला उमजेनात. चाळीस वर्षांपूर्वीची शब्द ओळखण्याची पद्धत बरी होती, असं लोक म्हणू लागले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूंच्या मतांवरून त्याचा शेरा ‘अत्यंत नकारात्मक’वर गेला. फुकट असूनही.

स्टीमच्या या शेऱ्यांबद्दलही थोडं. खेळाडूंची परीक्षणं तिथे 2013 च्या अखेरीस सुरू झाली. 40 ते 69 टक्के लोकांनी चांगलं म्हटलं तर शेरा ‘संमिश्र’. 2015 पासून, खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ झाला असेल तर पैसे परत. त्याच वर्षाच्या अखेरीस रुपयांत किमती आल्या आणि इंदूरचे खरे गिऱ्हाईक तेव्हापासून वाढले. त्याआधी डॉलर आणि आंतरराष्ट्रीय कार्ड, म्हणजे घरात परवानगीचा प्रश्न. दोन तासांच्या या मुदतीमुळे पहिली परीक्षणं चित्रं, आवाज आणि मेनूवरच असतात. पुरावा कुठे हरवला, शेवट कसा बांधला, हे त्यांत येत नाही, कारण तिथवर कुणी पोचलेलं नसतं. इथली मंडळी आता परीक्षणाशेजारचा खेळलेल्या तासांचा आकडा आधी पाहतात, दहाच्या आतला असेल तर पुढे सरकतात, आणि सेल लागला की ग्रुपवर दोनच प्रश्न येतात: जुनी सोबत आहे का, आणि सेव्ह किती ठेवता येतात?