प्रारंभिक वैयक्तिक संगणकांचे यश : तांत्रिक गुणवत्ता की विक्रीकौशल्य

सुटे भाग जोडत न बसता पेटीतून काढून थेट वापरता येतील असे तीन वैयक्तिक संगणक अमेरिकेत १९७७ मध्ये बाजारात आले : ॲपल-२, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८०. त्यांपैकी कोणता कशामुळे खपला, हा वाद प्रामुख्याने पहिल्या आणि तिसऱ्या यंत्राभोवती फिरतो.

टीआरएस-८० च्या पडद्यावर रंग नव्हते. स्मृतीची एक चिप वाचवण्यासाठी त्यातून इंग्रजीतील लहान अक्षरेही वगळली होती. चेष्टेने त्याला ‘ट्रॅश-८०’, म्हणजे कचरा, म्हणत. तरीही पडद्यासह ५९९ डॉलर ही किंमत आणि टँडीच्या ‘रेडिओ शॅक’ दुकानांचे देशभरचे जाळे यांच्या बळावर सुरुवातीच्या वर्षांत त्याने ॲपल-२ ला खपात मागे टाकले. ॲपल-२ ला पडद्याविनाच १,२९८ डॉलर पडत. बिघडलेले यंत्र गावातल्याच दुकानात नेता येणे ही ग्राहकाची खरी सोय होती. तिला निव्वळ जाहिरातबाजी म्हणणे रास्त नाही.

ॲपल-२ ची गुणवत्ता मात्र उशिरा फळाला आली. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक याने त्यात जादा कार्डांसाठी आठ खाचा ठेवल्या होत्या. त्यांतल्याच एका खाचेत, १९७८ मध्ये, त्याने मोजक्या चिपांत बसवलेले डिस्क-नियंत्रक (फ्लॉपी डिस्क चालवणारे) कार्ड आले आणि कॅसेटवरून प्रोग्राम चढेपर्यंत ताटकळणे संपले. पुढच्या वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा तक्त्यांचा प्रोग्राम प्रथम याच यंत्रासाठी निघाला. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा बदलतात, हे पाहिलेले हिशेबनीस दुकानात प्रोग्राम मागत आणि त्यासाठी म्हणून संगणक घेत. हे यश जाहिरातीचे नव्हे, पण सर्वस्वी ॲपलचेही नव्हे.

नाव आणि पैसा असूनही त्याच कंपनीचा ॲपल-३ (१९८०) फसला. तो तापे, चिपा खाचेतून सैल होत, आणि यंत्र थोडे उचलून टेबलावर आपटावे असा उपाय ग्राहकांना सांगितला जाई.

कचेऱ्यांना मोठे संगणक पुरवणाऱ्या आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत बाजारात मिळणारेच भाग होते. चार्ली चॅप्लिनचे ‘भटक्या’ हे पात्र घेऊन केलेल्या जाहिराती गाजल्या, पण कचेऱ्यांना आयबीएम हे नावच पुरेसे होते. कंपनीने यंत्राचा तांत्रिक तपशील छापून खुला केल्याने इतरांची कार्डे आणि प्रोग्राम झपाट्याने वाढले. आणि १९८३ पासून तेच प्रोग्राम चालवणारी कॉम्पॅकची यंत्रेही विकली जाऊ लागली.