एच-निर्देशांक (रासायनिक अभियांत्रिकी)

एच-निर्देशांक : संशोधकाच्या प्रसिद्ध निबंधांपैकी ‘एच’ इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान ‘एच’ उद्धरणे मिळाली असतील, तर अशा सर्वांत मोठ्या संख्येस त्याचा एच-निर्देशांक म्हणतात. उद्धरण म्हणजे नंतरच्या लेखकाने संदर्भयादीत केलेला पूर्वीच्या निबंधाचा निर्देश. विद्यापीठांत सर्रास ‘सायटेशन’ हाच शब्द चालतो. उदा., आठ निबंधांना अनुक्रमे ४८, ३१, १७, ९, ६, ५, २ व १ उद्धरणे असल्यास निर्देशांक ५ येतो. सहाव्या निबंधाला सहा हवी होती, आहेत पाचच. पहिल्या निबंधाची ४८ उद्धरणे ४८० झाली तरी उत्तर बदलत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लिओ एग्गे यांनी २००६ मध्ये, सर्वाधिक उद्धृत निबंधांच्या उद्धरणांची बेरीज धरणारा, जी-निर्देशांक सुचविला.

एच-निर्देशांक भौतिकीविज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये मांडला. त्याआधी खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन (१८८२–१९४४) यांनी स्वतःच्या सायकलप्रवासासाठी असेच माप वापरले होते : ‘ई’ इतके दिवस, प्रत्येक दिवशी किमान ‘ई’ मैल. मात्र हे साम्य गणिती आकाराचे आहे. त्यावरून वारसा जोडणे धाडसाचे ठरेल. उद्धरणे मोजण्याची पद्धत एच-निर्देशांकाहून बरीच जुनी आहे. काही अभ्यासक तिचे मूळ न्यायनिर्णयांच्या ‘शेपर्ड्स’ सूचीत (१८७३) पाहतात. यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानासाठी उद्धरणसूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडताना याच सूचीचा आधार घेतला होता. सूचीपुरते हे बरोबर आहे. पण मोजणीचा आरंभ ग्रॉस व ग्रॉस यांच्या १९२७ च्या निबंधापासून धरणे अधिक ग्राह्य वाटते. लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यासाठी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकातील संदर्भ मोजले. म्हणजे प्रश्न वर्गणीचा होता, माणसाच्या योग्यतेचा नव्हे.

रासायनिक अभियांत्रिकीत उद्धरणांचे वाटप विषम असते. भरित स्तंभातून (कणांनी भरलेल्या नळीतून) द्रायू वाहताना होणाऱ्या दाबघटीचे एर्गन समीकरण (१९५२) अभिकल्पात नित्य वापरले जाते, परंतु पुष्कळ लेखक मूळ निबंधाऐवजी पाठ्यपुस्तकाचा हवाला देतात किंवा नुसते नाव घेऊन पुढे जातात. याउलट अधिशोषणाच्या (घन पदार्थाच्या पृष्ठभागावर द्रव्य चिकटून धरले जाण्याच्या) वेगाविषयीचा हो व मॅके यांचा निबंध (१९९९) अफाट उद्धृत झाला आहे, कारण सांडपाण्यातील रंगद्रव्ये वा जड धातू काढण्यावरील जवळपास प्रत्येक प्रयोग त्याच्याशी ताडून पाहिला जातो. उसाचे चिपाड किंवा पऱ्हाट्यांपासून केलेल्या अधिशोषकावरील निबंधाला म्हणूनच पर्यावरणविज्ञानाचे वाचकही लाभतात. वाळूज-चिकलठाण्याच्या औषधनिर्मिती कारखान्यासाठी किंवा साखर कारखान्याच्या आसवनीसाठी केलेले काम गोपनीय अहवालात राहिले, तर त्याचे उद्धरण शून्य.

मराठवाड्यात या शाखेचे अध्यापन व संशोधन मुख्यतः छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९५८), नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (१९८१) आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा जालना येथील परिसर (२०१८) येथे चालते. येथे मोजणीत नावांची अडचण येते. विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला, पुढे शहराचेही नाव बदलले. त्यामुळे एकाच विभागाचे निबंध तीन-चार पत्त्यांवर विखुरतात. व्यक्तीच्या निर्देशांकाला याने धक्का लागत नाही, संस्थेच्या बेरजेला लागतो. व्यक्तीची अडचण निराळी. पाटील, देशमुख, जाधव, शिंदे ही आडनावे आणि पुढे दोन आद्याक्षरे, एवढ्यावर यंत्र दोन संशोधकांचे निबंध एकाच्या खात्यावर टाकू शकते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची दोन खाती होऊ शकतात. यावर २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक उपलब्ध आहे.

माहितीसंचानुसारही आकडा बदलतो. ‘स्कोपस’ व ‘गूगल स्कॉलर’ (दोन्ही २००४) यांपैकी दुसऱ्यात प्रबंध, परिषदांची इतिवृत्ते व प्रादेशिक प्रकाशनेही मोजली जात असल्याने तेथील आकडा बहुधा मोठा असतो. माहितीसंच व दिनांक न सांगता दिलेला निर्देशांक अपुरा मानावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीपासून निबंधांना पदोन्नतीसाठी गुण मिळू लागले. मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये आली व २०२५ मध्ये बंद झाली. पीएच.डी.पूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ मध्ये निघाली. हर्श यांनीही २०२० मध्ये आपल्या निर्देशांकाच्या दुष्परिणामांबद्दल लिहिले.

वृत्तपत्रांत ‘जगातील दोन टक्के शास्त्रज्ञ’ म्हणून येणारी यादी जॉन इओअ‍ॅनिडिस व सहकाऱ्यांनी २०१९ पासून सिद्ध केलेली आहे. तिचा क्रम एकट्या एच-निर्देशांकावर नसून सहा घटकांच्या संयुक्त गुणांकावर ठरतो, आणि प्रत्येक नावापुढे स्वतःची उद्धरणे धरून व वगळून असे दोन क्रमांक असतात. अभिनंदनाच्या फलकावर त्यांपैकी कोणता घेतला आहे, हे सहसा लिहिलेले नसते.