पार्श्वभूमी : हडसन्स बेचं दुकान आणि त्याखालची जमीन

१ जून २०२५ रोजी हडसन्स बे या कॅनडातल्या जुन्या व्यापारी कंपनीची उरलीसुरली दुकानं बंद झाली आणि 'आपलं दुकान गेलं' अशी हळहळ कॅनडाभर व्यक्त झाली. वास्तविक इंग्लंडच्या राजाने १६७०मध्ये दिलेल्या सनदेवर उभ्या राहिलेल्या या कंपनीचं मुख्यालय लंडनहून कॅनडात आलं, ते १९७०मध्ये. फरच्या व्यापारापेक्षाही जमीन हीच तिची खरी पुंजी. १८६९-७०च्या व्यवहारात तिने रूपर्ट्स लँडचा, म्हणजे हडसन उपसागराभोवतीचा अफाट मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाला सोडला, तिथल्या आदिवासींना न विचारता. वर सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा स्वतःकडे राखला. कॅल्गरीसारख्या शहरांत मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आली ती १९१३पासून. कॅटलॉगमुळे शेताशेतांवर पोचलेला ईटन्स हा प्रतिस्पर्धी १९९९मध्ये बुडाला, आणि देशाचं दुकान म्हणवून घ्यायला हीच उरली.

२००८मध्ये कंपनी एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेकडे गेली. या मंडळींचा मूळ धंदा स्थावर मालमत्तेचा. तीन वर्षांत त्यांनी झेलर्स या कंपनीच्याच स्वस्त दुकानांच्या साखळीतल्या २२०पर्यंत दुकानांचे भाडेकरार टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीला १८२.५ कोटी कॅनेडियन डॉलरला विकले. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. समर्थक म्हणतात, १९९४मध्ये वॉलमार्ट आल्यापासून झेलर्सला घरघर लागलीच होती. एवढी किंमत पुन्हा आली नसती. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण लहान गावांतली, बेताच्या पगारावर घर चालवणारी गिऱ्हाइकं झेलर्समध्ये येत, आणि ती एका सहीत परक्याच्या हवाली झाली. टार्गेटने १३३ दुकानं उघडली आणि २०१५मध्ये सगळी गुंडाळली. इकडे मालकांनी २०१३मध्येच न्यूयॉर्कचं सॅक्स हे उंची डिपार्टमेंट स्टोअर कर्जासकट २९० कोटी अमेरिकी डॉलरला घेतलं होतं. कॅनडातल्या दुकानांत मात्र बंद पडलेले सरकते जिने महिनोन्‌महिने तसेच असत. ही दुकानं ऑनलाइन खरेदीमुळे मेली असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. त्यांच्यावर खर्च करणंच थांबलं होतं.

कॅनेडियनपणाची सगळी भिस्त मग कंपनीच्या एका लोकरी ब्लँकेटवर आली. पांढुरक्या लोकरीवर हिरवा, लाल, पिवळा, निळा असे चार पट्टे, कडेला छोट्या काळ्या रेघा. ब्लँकेटला बीव्हरची किती कातडी पडत ते या रेघा सांगतात, असा समज आहे. प्रत्यक्षात त्या ब्लँकेटचं माप दाखवतात. १७८०च्या सुमारास व्यापारात रुळलेलं हे ब्लँकेट पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडमध्येच विणलं जात होतं.

मार्च २०२५मध्ये कंपनीने धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागितलं. पट्टे आणि नाव कॅनेडियन टायर या कॅनडातल्याच दुकानसाखळीने ३ कोटी डॉलरला घेतलं. मूळ सनद संग्रहालयांना देण्यासाठी दोन धनाढ्य घराण्यांनी १ कोटी ८० लाख मोजले. त्यांतलं एक कधीकाळी याच कंपनीचं मालक होतं. आठ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कामावरून काढताना द्यायची भरपाई कंपनीने त्यांना दिली नाही.