कटसीन म्हणजे व्हिडिओच, हा गैरसमज

भुसावळच्या सायबर कॅफेत कॉलेजच्या दिवसांत ऐकलेलं वाक्य परवा भाच्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं. "मामा, कटसीन तर रेडीमेड पिक्चर राहतो, ग्राफिक्स कार्डाचं काय काम त्यात?"

कटसीन म्हणजे गेममध्ये खेळणं थांबवून गोष्ट पुढे नेणारा, सिनेमासारखा प्रसंग. भाच्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. १९९७ च्या 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये खरोखर आधी तयार केलेले व्हिडिओ होते. प्लेस्टेशनवर त्या गेमला ३ सीडी लागल्या, त्याचं मोठं कारण तेच. पण पुढच्याच वर्षी आलेल्या 'मेटल गिअर सॉलिड'मधले बहुतेक प्रसंग गेमच्या इंजिनातच (गेम चालवणारं, त्याचं चित्र काढणारं मूळ सॉफ्टवेअर), खेळताना तिथल्या तिथे तयार होत होते.

भाच्याला समोर बसवून २००४ ची 'जीटीए: सॅन अँड्रियास' ही गेम लावली. तिचा नायक सीजे, त्याला नवा शर्ट घेतला, बर्गर चारून चारून पोट सुटू दिलं आणि मिशन सुरू केलं. कटसीनमध्ये तोच शर्ट, तेच पोट! आधीच बनवून ठेवलेल्या व्हिडिओला हे कुठून कळणार? पोरगं बघतच राहिलं.

अशा प्रसंगांत ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाला, पूर्ण काम पडतं. सेटिंगमध्ये रिझोल्यूशन उतरवून बघा: कटसीनमधल्या कडाही दातेरी झाल्या, तर तो जिवंत आहे, म्हणजे त्याच क्षणी तयार होतोय.

एक मधला प्रकारही आहे, आणि घोळ तिथेच होतो. २००९ च्या 'अनचार्टेड २'चे प्रसंग गेमच्याच इंजिनात बनवले, पण रेकॉर्ड करून डिस्कवर टाकले. म्हणजे 'इंजिनातलं' असलं, तरी ते तुमच्या मशीनवर त्या क्षणी तयार होतंय असं नाही.