दादरचे फलाट आणि सोलापूरकर: क्रमांकबदलाची पार्श्वभूमी

सोलापूरहून मुंबई रेल्वेने 455 किलोमीटर आहे, पण सोलापूरकराची खरी धांदल शेवटच्या काही मिनिटांत उडते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेल्या ज्या प्रवाशाला पुढे अंधेरी-बोरिवलीकडे जायचे असते, तो सकाळी दादरला उतरतो, एका हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी, खांद्यावर चादरींचा गठ्ठा अशा थाटात पादचारी पूल चढतो आणि पश्चिम मार्गावरचा फलाट शोधू लागतो. 10 फेब्रुवारी 2023 पासून धावणाऱ्या वंदे भारतने येणाऱ्यालाही हा पूल चुकलेला नाही.

दादरला एकमेकांना खेटून दोन स्थानके आहेत, याचे मूळ इंग्रजी अमदानीत दोन निरनिराळ्या कंपन्यांनी टाकलेल्या दोन रेल्वेमार्गांत आहे. 1951 मध्ये रेल्वेची विभागवार पुनर्रचना झाली तरी मध्य आणि पश्चिम हे वेगळेपण टिकले, आणि त्याबरोबर फलाटांची दुहेरी मोजणीही टिकली. त्यामुळे बोरिवलीच्या नातेवाइकाने फोनवर ‘एक नंबरवरून स्लो पकडा’ असे सांगितले, आणि पाहुणा पूल न चढता मध्य मार्गाच्याच एक नंबरवर उभा राहिला, तर त्याला मिळणारी लोकल कल्याणच्या दिशेची, म्हणजे पुन्हा सोलापूरच्याच वाटेची असे.

हा घोळ 9 डिसेंबर 2023 रोजी मिटवण्यात आला. पश्चिम मार्गाचे 1 ते 7 हे क्रमांक तसेच राहिले आणि मध्य मार्गाच्या फलाटांना 8 ते 14 हे क्रमांक मिळाले. वरवर पाहता जुन्या आकड्यात सात मिळवले की काम झाले असे वाटते, पण तसे होत नाही. त्याच वर्षी गर्दीच्या पहिल्या फलाटाची रुंदी वाढवण्यासाठी मध्य मार्गाचा दोन नंबर मोडीत काढला गेला होता. परिणामी जुन्या एकचा आठ झाला, म्हणजे सात मिळवायचे. मात्र जुन्या तीनचा नऊ, चारचा दहा, पाचचा अकरा झाला, म्हणजे तेथून पुढे सहाच मिळवायचे. वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेला हिशेब असा मध्येच बदलल्यावर वयस्क प्रवासी गोंधळला तर त्याला दोष देता येत नाही.

एकसलग मोजणी हवी होती, यात शंका नाही. दोन फलाटांना एकच क्रमांक असलेले स्थानक परगावच्या माणसाला चकवणारच. दोन्ही बाजूंची मोजणी आधीपासून पश्चिमेकडून पूर्वेकडे होत असल्याने पश्चिमेचे आकडे कायम ठेवणे सोयीचे होते, हेही मान्य करावे लागते. तरीही बदलाचा सगळा भार मध्य मार्गावर पडला, आणि सोलापूरच्या गाड्या त्याच मार्गावर येतात. जुने आकडे ठेवून त्यांच्यापुढे ‘म’ आणि ‘प’ ही अक्षरे जोडली असती, तर कोणालाच नवे पाठांतर करावे लागले नसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दादरच्या नावांचा गुंता फलाटांपुरता नाही. पूर्वेच्या ‘दादर टीटी’ या नावातील टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतील ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली, तरी टॅक्सीवाल्याला आजही टीटीच सांगावे लागते, खोदादाद सर्कल नव्हे. मे 2025 मध्ये भुयारी मेट्रोचे दादर हे आणखी एक स्थानक सुरू झाले. ते पश्चिमेला, रेल्वेच्या फलाटांपासून वेगळे आहे. त्याच टप्प्यात सिद्धिविनायक स्थानकही उघडले, त्यामुळे सिद्धेश्वरने येऊन सिद्धिविनायकाला जाणाऱ्याची टॅक्सी वाचते, मात्र पूल ओलांडून पश्चिमेला उतरल्यावर मेट्रोपर्यंत गठ्ठ्यासह चालावे लागते. त्याच महिन्यात शहर बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. 2019 मध्ये ते 5 रुपयांवर आणले गेले होते, आणि तेच गृहीत धरून अनेक सोलापूरकर अजूनही पाचाचे नाणे मुठीत धरून बसमध्ये चढतात.