जेली मुरवलेला केक : एका सोप्या कृतीची पूर्वपीठिका

पांढरा साधा केक भाजायचा, तो पूर्ण गार झाला की काट्याने त्याला जागोजागी टोचायचे, उकळत्या पाण्यात विरघळवलेली स्ट्रॉबेरीची किंवा लिंबाची जेली त्या भोकांवर ओतायची आणि तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवून वरून फेटलेले क्रीम पसरायचे. अमेरिकेत ‘पोक केक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाची कृती एवढीच आहे. आठ-दहा वर्षांचे मूलही मोठ्यांच्या देखरेखीखाली तो करू शकते, आणि सुरी फिरवून पहिला तुकडा बाहेर काढल्यावर पांढऱ्या केकमध्ये वरून खाली उतरलेल्या लाल रेघा दिसल्या की करणाऱ्याला मनापासून आनंद होतो. ही कृती इतकी सोपी असण्यामागे मात्र बरीच मोठी वाटचाल आहे. जेली, केकचे तयार मिश्रण आणि डब्यातले क्रीम या तिन्ही गोष्टी पूर्वी स्वयंपाकघरातल्या सर्वांत कष्टाच्या कामांत मोडत असत. ते कष्ट एकामागून एक कारखान्याकडे गेले आणि मगच हा केक जन्माला येऊ शकला.

सुरुवात जेलीपासून करायला हवी, कारण या तिघांत तिचाच इतिहास सर्वांत जुना आहे. ज्यांच्या घरी पाया सूप होते त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही की, तासन्‌तास शिजवलेले ते सूप रात्री फ्रीजमध्ये राहिले तर सकाळी थरथरणाऱ्या वडीसारखे घट्ट झालेले असते. हाडे, कातडी आणि स्नायूबंध यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. त्याचे तीन धागे एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले असतात. दीर्घकाळ शिजवल्यावर तो पीळ उलगडतो आणि धागे पाण्यात सुटे होतात. पाणी गार होऊ लागले की हे धागे पुन्हा जागोजागी गुंफले जाऊन जाळे तयार करतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. हेच जिलेटिन.

युरोपातल्या श्रीमंत घरांतून वासराच्या पायांपासून अशी जेली करण्याची प्रथा शतकानुशतके होती. पाय स्वच्छ करायचे, कित्येक तास उकळायचे, वर आलेली चरबी काढायची, अंड्याच्या पांढऱ्याने तो रस निवळून घ्यायचा, फडक्यातून थेंब थेंब गाळायचा आणि मगच त्यात साखर, लिंबू किंवा वाइन घालून साच्यात ओतायचा. काचेसारखी पारदर्शक जेली मेजवानीच्या टेबलावर आली की त्या घरात पुरेसे नोकर आहेत, गार तळघर किंवा बर्फ आहे आणि एक निष्णात स्वयंपाकीही आहे, हे पाहुण्यांना न सांगता समजत असे. डेनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर चालणारे आपले भांडे मांडले, तेव्हा त्यातून हाडे मऊ होऊन त्यांचा अंश उतरवता येतो हेच त्याचे मोठे वैशिष्ट्य होते. आपल्या प्रेशर कुकरचा पूर्वज जेलीच्या इतिहासातही असा भेटतो.

हे काम घरातून बाहेर नेण्याचा पहिला ठोस प्रयत्न पीटर कूपर यांनी केला. न्यूयॉर्कचे हे उद्योजक अमेरिकेत अधिक ओळखले जातात ते ‘टॉम थंब’ या सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनासाठी आणि त्यांनी स्थापन केलेल्या ‘कूपर युनियन’ या शिक्षणसंस्थेसाठी. त्यांच्या संपत्तीचा पाया मात्र सरसाच्या कारखान्यात होता, आणि सरस व जिलेटिन ही एकाच कच्च्या मालाची भावंडे आहेत. 1845 मध्ये त्यांनी अशा जिलेटिनचे पेटंट घेतले, ज्यात केवळ गरम पाणी घालायचे, ते साच्यात ओतायचे आणि गार झाल्यावर वाढायचे. आजच्या पाकिटावरची सूचना जवळजवळ याच शब्दांत असते. कूपर यांनी पुढे त्याचा व्यापार फारसा वाढवला नाही. शुद्ध जिलेटिनला स्वतःची चव नसते, रंगही नसतो, त्यामुळे साखर, आंबटपणा आणि फळाचा स्वाद यांची जुळवाजुळव गृहिणीलाच करावी लागे. 1890 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सटाउन या कातडी कमावणाऱ्यांच्या गावात चार्ल्स नॉक्स यांनी दाणेदार जिलेटिन विकायला काढले आणि मोजमाप सोपे झाले, पण चवीचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवला त्याच राज्यातल्या लरॉय या छोट्या गावातल्या पर्ल वेट यांनी. ते व्यवसायाने सुतार होते आणि जोडीला खोकल्याची औषधे विकत असत. कडू औषध गोड पाकात दडवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. 1897 मध्ये त्यांनी जिलेटिनच्या पुडीत साखर, रंग आणि फळाचा स्वाद मिसळला. स्ट्रॉबेरी, रासबेरी, संत्रे आणि लिंबू हे पहिले चार स्वाद. त्यांच्या पत्नी मे यांनी त्याला ‘जेल-ओ’ हे नाव दिले. माल चांगला असला तरी तो खपवण्याइतके भांडवल या दांपत्याकडे नव्हते, आणि 1899 मध्ये त्यांनी नावासकट सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्ड यांना 450 डॉलरना विकून टाकले. या व्यवहाराकडे आज पाहताना वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

वुडवर्ड यांनाही सुरुवातीला यश आले नाही. पण त्यांना एक गोष्ट उमगली, आणि माझ्या मते पोक केकची खरी मुळे तिथेच आहेत : लोकांना नुसती पुडी देऊन भागत नाही, तिचे काय करायचे हेही सांगावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी महिलांच्या मासिकांतून ‘अमेरिकेचे सर्वांत प्रसिद्ध डेझर्ट’ अशी जाहिरात सुरू झाली, आणि विक्रेते दारोदारी जाऊन रंगीत चित्रांच्या पाककृतींच्या पुस्तिका फुकट वाटू लागले. या पुस्तिका लाखोंच्या संख्येने छापल्या गेल्या. कृतीचे काम पुडी खपवण्याचे होते, आणि पुढची सत्तर वर्षे कंपनीने हे सूत्र सोडले नाही. 1925 मध्ये ‘पोस्टम’ या कंपनीने जेल-ओ विकत घेतले. 1928 मध्ये कॅल्युमेट बेकिंग पावडर तिच्याकडे आली, आणि 1929 मध्ये तिनेच ‘जनरल फूड्स’ हे नाव धारण केले. घरोघरी फ्रीज पोहोचू लागले तशी जेली उन्हाळ्यातही जमू लागली, आणि एकेकाळी श्रीमंतांची असलेली ही मिजास शाळेतल्या डब्यापासून रुग्णालयातल्या ताटापर्यंत सर्वत्र आली.

केकचा प्रवास तुलनेने थोडक्यात सांगता येतो. बेकिंग पावडर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आली आणि अंडी तासभर फेटून केक फुगवण्याची सक्ती संपली. 1930 च्या दशकात पिट्सबर्गच्या ‘पी. डफ अँड सन्स’ या काकवीच्या व्यापाऱ्यांनी आपल्याकडची जादा काकवी पिठाबरोबर वाळवून आल्याच्या केकचे पहिले तयार मिश्रण केले. बाजार खरा तापला तो दुसऱ्या महायुद्धानंतर : ‘बेटी क्रॉकर’ची मिश्रणे 1947 मध्ये आली, ‘पिल्सबरी’ची 1948 मध्ये. या मिश्रणांतून अंड्याची पूड काढून गृहिणीला ताजे अंडे फोडायला लावले, म्हणून तिला ‘आपण काहीतरी केले’ असे समाधान मिळू लागले आणि खप वाढला, अशी एक लोकप्रिय कथा युद्धोत्तर काळातल्या मानसशास्त्रज्ञांच्या नावे सांगितली जाते. ती पूर्ण खरी नाही. डफ यांनी 1930 च्या दशकातच ताज्या अंड्याची बाजू मांडली होती, आणि ताज्या अंड्याने केक चवीला व पोताला सरस होतो हे साधे कारणही विसरता येत नाही. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच की, 1950 च्या दशकाअखेर पांढरा, हलका, सारख्या जाळीचा केक कुणालाही हमखास जमू लागला. जाळी सारखी नसेल तर जेली एका बाजूला साठते आणि दुसरी बाजू कोरडी राहते, हे ज्यांनी हा केक घाईघाईत केला आहे त्यांना ठाऊक असेल.

तिसरा घटक 1966 चा. जनरल फूड्समधले रसायनतज्ज्ञ विल्यम मिचेल यांनी गोठवून ठेवता येणारे, फेटण्याची गरज नसलेले ‘कूल व्हिप’ तयार केले. खऱ्या साईचे क्रीम जास्त फेटले तर लोणी होते, कमी फेटले तर पाणी सुटते. डब्यातून थेट पसरता येणाऱ्या या थराने तीही धास्ती संपवली.

म्हणजे 1960 च्या दशकाअखेर सगळी सामग्री तयार होती, जेली आणि क्रीम तर एकाच कंपनीच्या हाती होते, आणि नेमका तेव्हाच जेलीचा खप शिखरावरून उतरू लागला होता. कुटुंबे लहान होत होती, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत होती, रोज रात्री जेवणानंतर गोड वाढण्याची पद्धत मागे पडत होती. लरॉयचा जुना कारखाना 1964 मध्येच बंद होऊन उत्पादन डेलावेअरमधल्या डोव्हर शहरात गेले होते. पुडीला नवे काम शोधून देणे भाग होते. 1970 च्या आसपास जनरल फूड्सच्या जाहिरातींतून जी कृती पुढे आली ती पोक केकची : जेली स्वतंत्र पदार्थ म्हणून न वाढता ती केकला मुरवण्याचा पाक म्हणून वापरायची. जुन्या सूत्राचा हा अत्यंत हुशार वापर होता, कारण एका केकने जेलीची एक किंवा दोन पाकिटे, क्रीमचा डबा आणि मिश्रणाचा खोका एकाच खेपेत खपत असे.

केवळ व्यापारी युक्ती म्हणून ही कृती बाजूला सारणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण स्वयंपाकाच्या दृष्टीनेही ती विचारपूर्वक बसवलेली आहे. कंपनीच्या रूढ कृतीत नऊ इंची दोन गोल केक, प्रत्येकासाठी 85 ग्रॅमचे जेलीचे एक पाकीट आणि एक कप उकळते पाणी घेतले जाते. नुसती जेली करताना याच पाकिटाला दोन कप पाणी लागते. इथे ते निम्मे ठेवल्यामुळे मिश्रण दाट राहते आणि केकच्या जाळीत शिरूनही घट्ट जमते. काट्याची भोके अर्ध्या-अर्ध्या इंचावर आणि तळापर्यंत असावी लागतात. केक पूर्ण गार आणि जेली गरम असावी, म्हणजे ती आधी वाहत खाली उतरते आणि मग जागेवर थांबते. साध्या साखरेच्या पाकात मुरवलेला केक दुसऱ्या दिवशी तळाशी ओलागच्च होतो; जिलेटिनमुळे इथे पाणी जाळ्यात अडकून राहते, म्हणून तुकडा ओलसर असूनही सुबक कापला जातो. आणि जिलेटिन शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळत असल्याने ते तोंडात विरघळते. वासराच्या पायांच्या जेलीचा जो गुण राजेरजवाड्यांना मोहवत होता, तोच हा.

फळांच्या बाबतीत एक पथ्य पूर्वीपासून पाळले जाते. ताजे अननस, पपई, किवी किंवा अंजीर जेलीत घातले तर ती जमतच नाही, कारण या फळांतली विकरे (एन्झाइम्स) जिलेटिनचे धागे तोडतात. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई चोळण्याची आपली पद्धत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. डब्यातला अननस मात्र चालतो. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने त्यातले विकर निष्प्रभ झालेले असते.

मराठी घरांत हा केक पोहोचतो तेव्हा पहिला प्रश्न जिलेटिनचाच येतो, आणि तो रास्त आहे. जिलेटिन प्राणिजन्य असते; शाकाहारी कुटुंबांना, आणि डुकराचे किंवा गाईचे पदार्थ वर्ज्य असणाऱ्यांनाही, पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी मुलांच्या शाळेतल्या वाढदिवसाला हे आवर्जून तपासतात ते यामुळेच. भारतात हिरव्या ठिपक्याची जेली क्रिस्टल्स मिळतात, ज्यांत समुद्री शेवाळापासून काढलेला कॅरागीनन किंवा तत्सम घटक असतो, आणि आपल्या ओळखीचा चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, तर शाकाहारी स्वयंपाकात रुळलेलाच आहे.

अगर-अगरचा स्वभाव मात्र अगदी वेगळा आहे, आणि तो समजून न घेता केवळ अदलाबदल केली तर केक फसतो. ते साधारण 32 ते 40 अंश सेल्सिअसलाच जमते आणि पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते. या गुणामुळेच 1880 च्या दशकात बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत त्याने जिलेटिनची जागा घेतली : जंतू वाढवण्याच्या उबेत जिलेटिन वितळून जाई, तेव्हा तिथे काम करणारे वाल्थर हेसे यांच्या पत्नी फानी यांनी घरच्या जेलीत वापरले जाणारे अगर सुचवले. मुंबईच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेला केक ज्यामुळे टिकतो, त्याच कारणाने तो करताना अडचण येते. गार केकवर ओतलेले अगर तळापर्यंत पोहोचण्याआधीच वरच्या वर जमून बसते. म्हणून केक कोमट असतानाच टोचावा, भोके काट्याऐवजी लाकडी चमच्याच्या दांड्याने थोडी रुंद करावीत, अगर नेहमीपेक्षा पातळ ठेवून चांगले उकळावे आणि ते गॅसवरून उतरवताच थोडे थोडे ओतावे. त्यात आंबट फळाचा रस घालायचा असेल तर तो शेवटी, गॅस बंद केल्यावर आणि गरम करून घालावा, कारण आंबट द्रवात फार वेळ उकळलेले अगर नीट जमत नाही, आणि गार रस मिसळला तर ते भांड्यातच जमू लागते.