तहानलेली टर्बाइन आणि फिरती चकती

टर्बाइनवर पळणारी गाडी साठच्या दशकातच तयार होती, पण तेल कंपन्यांनी ती दाबून टाकली, अशा अर्थाचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून डोकं वर काढतो. गाडी होती हे खरं. पण ती रॉकेल इतकं प्यायची की तेल कंपन्यांनी तिला ओवाळूनच घेतलं असतं.

रोव्हर आणि बीआरएम या ब्रिटिश कंपन्यांनी 1963 साली ती फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरवली. चालक ग्रॅहम हिल आणि रिची गिन्थर, गाडीचा क्रमांक 00. प्रायोगिक असल्यामुळे निकालात तिला जागा नव्हती, नाहीतर ती आठवी आली असती. ताशी सरासरी 173 किलोमीटर वेग, तोही 150 अश्वशक्तीच्या इंजिनावर! मात्र लिटरमागे जेमतेम अडीच किलोमीटर.

एवढी तहान कशामुळे? कॉम्प्रेसर हवा दाबतो, त्या हवेत इंधन जळतं आणि तापलेला वायू टर्बाइनची पाती फिरवतो. इंजिन लहान केलं की पातीही लहान होतात, पण पात्याचं टोक आणि कवच यांच्यातली फट त्या मानाने लहान करता येत नाही. तिथून वायू काम न करताच निसटतो. शिवाय या इंजिनात हवा सुमारे चौपटच दाबली जाई. दाब कमी म्हणजे प्रसरणही कमी, त्यामुळे बाहेर पडणारा वायू पाचशे अंशांच्या वर तापलेलाच असतो. ती सगळी उष्णता वाया.

1965 साली ती परत मिळवायची सोय झाली. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली सिरॅमिकची चकती सावकाश फिरत राहते. तिचा एक भाग गरम वायूच्या वाटेत तापतो आणि फिरत फिरत दाबलेल्या हवेच्या वाटेत येऊन ती उष्णता हवेला देतो. हवा आधीच तापलेली, म्हणून इंधन कमी लागतं. गंमत अशी की ही युक्ती कमी दाबाच्या इंजिनातच चालते. चौपट दाबलेली हवा दोनशे अंशांच्या आसपास असते, म्हणून पाचशे अंशांचा वायू तिला काही देऊ शकतो. आजच्या मोठ्या विमानांच्या इंजिनात दाब तीस-चाळीस पट. तिथे दाबलेली हवाच बाहेर जाणाऱ्या वायूइतकी किंवा त्याहून जास्त तापलेली असते. चकती बसवली तर उष्णता उलटीच वाहायची. म्हणजे ज्या कमी दाबामुळे छोटी टर्बाइन उधळी ठरते, त्यामुळेच तिला ही बचत परवडते. अडचण असते चकतीच्या कडांच्या सीलची. एका बाजूला चौपट दाब, दुसऱ्या बाजूला जवळपास बाहेरच्या हवेइतकाच दाब आणि मध्ये तापून वाकू पाहणारे भाग. हवा गळणारच.

तरी 1965 च्या ल माँ शर्यतीत मायलेज लिटरमागे पावणेपाच किलोमीटरच्या घरात गेलं. यातलं थोडं श्रेय नव्या बंद बॉडीला आणि कमी वेगाला द्यायला हवं. त्या वर्षी सरासरी ताशी 159 किलोमीटरच होती, कारण सुरुवातीलाच हिलची गाडी रस्त्याबाहेर गेली, इंजिनाने वाळू ओढून घेतली आणि पात्यांची टोकं खराब झाली. तापमान वाढू लागलं, म्हणून हिल आणि जॅकी स्टुअर्ट यांनी उरलेली शर्यत हात राखून चालवली. या वेळी निकालात जागा होती: दहावा क्रमांक, आणि शर्यत पुरी केलेल्या ब्रिटिश गाड्यांत पहिला.